शेरीफ मायला पटला नाही

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आमच्या इंग्रजीच्या सरांनी आमच्या गावी, सौंसरला, सिनेमा दाखवायचं एक मंडळ सुरू केलं. गावात टॉकीज होती, तिथं रंगीत हिंदी सिनेमे जोरात चालायचे, त्यामुळे हे वेगळं मंडळ कशाला, हे सुरुवातीला कोणाला कळलं नाही. सर मूळचे पांढुर्ण्याचे. घरी कापडाचं दुकान, सगळे भाऊ गादीवर बसलेले, हेच तेवढे पुस्तकांच्या नादी लागून मास्तर झाले, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं. नागपूरला शिकत असताना त्यांना परदेशी सिनेमांचं वेड लागलं होतं आणि ते एकट्यानं मनात जपत बसायची त्यांची तयारी नव्हती.

महिन्यातल्या एखाद्या रविवारी नागपूरच्या बसनं पत्र्याच्या गोल डब्यांतून सिनेमाची रिळं यायची. कॉलेजचा जुना प्रोजेक्टर शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर टेबल रचून चढवायचा, खिडक्यांवर सतरंज्या टांगायच्या, आणि भर दुपारी अंधार करून खेळ सुरू करायचा. पाहायला येणारे म्हणजे बँकेतले लोक, शाळांमधले गुरुजी आणि बाई, एक डॉक्टर जोडपं, तहसीलमधले बाबू. सिनेमा संपला की सतरंज्या निघायच्या, चहा यायचा, आणि मग सरांचा नियम लागू व्हायचा. ज्याला चहा घ्यायचा त्यानं आपलं मत सांगायचं. "चांगला होता, एवढ्यावर चहा मिळणार नाही," असं ते हसत बजावायचे.

पहिल्याच इंग्रजी सिनेमाला अर्धा हॉल मध्येच उठून गेला. पडद्यावर काय बोलून राहिले ते कळत नव्हतं. सरांनी ते मनाला लावून घेतलं. पुढचा सिनेमा आणायच्या आधी त्यांनी मला वर्गाबाहेर थांबवलं.

"एक काम करशील? प्रोजेक्टर एकच आहे. रीळ बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात दिवे लावतो. त्या वेळात तू माइकवर सांगायचं, आतापर्यंत काय झालं आणि कोण काय बोललं. मराठीत."

"मीच का सर?"

"कारण मी सांगायला लागलो की भाषण होतं. तू सांगते तेव्हा गोष्ट होते."

आमची बौद्ध वस्ती गावाच्या कडेला, बागांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बाबा तहसील कार्यालयात चपराशी होते. माय संत्र्याच्या बागांत तोडीला जायची, बहार नसला की कापूस वेचायला. वस्तीतून कॉलेजात गेलेली आणि त्यातही इंग्रजी वाङ्मय घेतलेली मुलगी मी पहिलीच. मी पुस्तक घेऊन ओट्यावर बसले की शेजारच्या बाया आवाज लहान करायच्या. मायला मात्र माझं वाचणं पाहण्यापेक्षा ऐकण्यात जास्त रस होता. काय वाचून राहिली ते सांग, म्हणायची, आणि मी सांगत असताना मध्ये मध्ये हटकून प्रश्न विचारायची. मला गोष्ट सांगता येत असेल तर ती तिच्या प्रश्नांमुळे.

माइकचं मी घरी सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "म्हंजे साऱ्या लोकाईसमोर तू बोलशीन?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "मंग मी येतो," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी उलटली आणि विषय संपवला.

सिनेमा काळा-पांढरा होता, अमेरिकेतला, घोडे आणि बंदुकांचा. या वेळी रिळं एक दिवस आधीच मागवून सरांनी मला तो प्रयोगशाळेत एकदा लावून दाखवला होता, म्हणून कथा मला पाठ होती. एक धुळीचं गाव, लाकडी घरं, एकच रस्ता. तिथल्या एका बड्या माणसानं, ज्याच्याकडे मोजता येणार नाहीत इतक्या गाई, एका गरीब मजुराला भर रस्त्यात गोळी घालून मारलं आहे. सगळ्या गावानं ते पाहिलं, पण विचारायला गेलं की आम्ही घरात होतो म्हणतात. एकच बाई म्हणते, मी पाहिलं. ती लोकांचे कपडे धुऊन पोट भरते. मेलेला तिचा नातेवाईक नाही, ओळखीचा नाही. ती दोरीवर चादरी वाळत घालत होती आणि दोन चादरींच्या फटीतून तिला दिसलं, एवढंच.

शेरीफ म्हणजे तिथला ठाणेदार. तो त्या बाईच्या शब्दावर बड्या माणसाला कोठडीत टाकतो. न्यायाधीश दुसऱ्या गावाहून यायचा असतो, तोवर त्या बाईचे हाल सुरू होतात. तिच्या दोऱ्या कापल्या जातात, धुतलेले कपडे चिखलात तुडवले जातात, गावातल्या बाया तिला कपडे द्यायचं बंद करतात. ती पुन्हा दोऱ्या बांधते. अखेर न्यायाधीश येतो. साक्षीदारासाठी मधोमध खुर्ची मांडली जाते. बाई आपला एकुलता चांगला काळा झगा घालून घरातून निघते. आणि नेमकं त्याच वेळी बड्याची माणसं कोठडी फोडतात, रस्त्यावर गोळीबार होतो, शेरीफ एकटा सगळ्यांना पुरून उरतो आणि त्याच्या गोळीनं तो बडा माणूस मरतो. न्यायाधीश पुस्तक मिटतो. लोक टोप्या उडवतात. बाई दारात उभी, समोर रिकामी खुर्ची. मग शेरीफ घोड्यावर बसतो आणि काही न बोलता माळरानावर लहान लहान होत जातो.

पहिलं रीळ संपलं, दिवे लागले, आणि मी माइकसमोर गेले. हॉलमध्ये मागच्या बाकावर माय बसली होती, वस्तीतल्या दोघी शेजारणींना घेऊन. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे अशी पाहायला लागली, जशी ती घरी पाहायची, पुढं काय झालं म्हणून. मी बाकीच्या लोकांना विसरले आणि तिला सांगायला लागले. शेरीफचं ठाणेदार केलं, जजसाहेबाचं जजसाहेबच ठेवलं. दुसऱ्या रिळानंतर लोक जागेवरून उठेनात. तिसऱ्यानंतर एका गुरुजींनी विचारलं, "पण त्या बाईला मुलंबाळं आहेत का?" मी म्हटलं, सिनेमात तसं काही सांगितलेलं नाही. "बरं, बरं," ते म्हणाले, जणू माझ्याच हातात होतं.

सिनेमा संपला. उजेड आला, चहा आला, मतं सुरू झाली. बँकेतल्या एका साहेबांना गोळीबाराची रचना फार आवडली होती. कोण कुठं लपला, कोणाला कोण दिसतो, सगळं डोळ्यांसमोर स्पष्ट राहतं, ते म्हणाले. डॉक्टरीणबाईंना शेरीफचं कमी बोलणं आवडलं. मुलांविषयी विचारणारे गुरुजी म्हणाले, चादरींच्या फटीतून खून दिसतो ते दृश्य रंगीत सिनेमात असं उठलंच नसतं, पांढऱ्या चादरीवर ती काळी सावली पडली म्हणूनच अंगावर काटा आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी सर बोलले. गाव सगळं झोपलं असताना एक माणूस कायद्यासाठी उभा राहतो आणि बक्षीस न मागता निघून जातो, ही या सिनेमाची ताकद, असं त्यांचं म्हणणं. ते सुंदर बोलले. मलाही तसंच वाटत होतं.

"आणखी कोणी?" त्यांनी विचारलं.

मागच्या बाकावर माय उभी राहिली.

"मी बोलू काय?"

माय चार लोकांत बोलणारी नव्हती. वस्तीत जयंतीला भाषणं व्हायची, पण ती पुरुषांची. बाया खाली बसून ऐकायच्या, मायही त्यांच्यातच.

"बोला ना, बाई," सर म्हणाले.

"मले तो ठाणेदार पटला नाही."

दोन-तीन जण हसले. सर हसले नाहीत. "काऊन?" त्यांनी विचारलं. वर्गात ते ‘का’ म्हणायचे, हा त्यांचा पांढुर्ण्याचा शब्द अचानक बाहेर आला.

"त्या बाईनं का कमी सोसलं? दोऱ्या तोडल्या, कपडे तुडवले, कोनी काम देईना. तरी ते म्हने, मी बोलन. चांगलं लुगडं नेसून निघाली बिचारी."

"लुगडं नाही, झगा," कोणीतरी म्हणालं.

"झगा त झगा. निघाली ना? अन् यानं मधीच गोळी घालून खेळ मोकळा केला. तिचं बोलनं राहूनच गेलं. ते बोलली असती त साऱ्या गावाले ऐका लागलं असतं."

सरांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"पण बाई, त्यानं गोळी घातली नसती तर तिचा जीव गेला असता."

"तिचा काऊन? थे लोक त आपल्या मालकाले सोडवाले आले होते. तिच्याकडं कोनी पाहिलंबी नाही."

"मालक सुटला असता तर पहिल्यांदा तिलाच मारलं असतं."

मायनं मान डोलावली. "हे होऊ शकते," ती म्हणाली. "पन मंग त्यानं पायात गोळी माराची. उचलून खुर्चीसमोर आनाचा. हातपाय बांधून बसवाचा अन् म्हनाचं, आता ऐक."

आता सगळेच हसले, मायही हसली, पण बसली नाही. सरही आता पुढं सरकले होते.

"तुम्ही म्हणून राहिल्या तेच सिनेमा म्हणून राहिला आहे, बाई. म्हणून तर शेवटी ती रिकामी खुर्ची दाखवली. बनवणाऱ्याला माहीत आहे की तिचं बोलणं राहिलं."

"रिकामी खुर्ची दाखवली म्हंजे झालं काय? मंग बाजा काऊन नाही वाजवला? ठाणेदार घोड्यावर चालला त केवढा बाजा वाजला. खुर्चीच्या टायमाले सारं गुपचूप."

मला वाटलं, आता सर निरुत्तर होतील आणि टाळ्या वाजवून विषय मिटवतील. आमच्यासारख्यांच्या वाट्याला मोठ्या लोकांकडून यायचं ते हेच, काही बरं बोललं की कौतुकाची टाळी. पण सरांनी मान हलवली.

"नाही, हे मला पटत नाही. गुपचूप ठेवणं हाच तिथं मान आहे. तुम्ही विहारात श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभ्या राहता तेव्हा बाजा वाजवता काय?"

मायनं विचार केला. हॉलमधला प्रत्येक माणूस तिच्या तोंडाकडे पाहत होता.

"हे तुमी बरोबर बोलले," ती म्हणाली. "बाजाचं मी वापस घेतो. पन जाता जाता त्यानं तिले दोन शब्द बोलाले पाहिजे होते. टोपी काढली, तेबी नाही."

"ते मलाही खटकलं," सर म्हणाले, आणि मग डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या, मग बँकेतले साहेब, आणि चहा निवून गेला तरी कोणाला पत्ता नव्हता.

त्या दिवशी माझा ऊर भरून आला तो यामुळे. सरांनी मायला शाबासकी दिली असती तर आम्ही ती घरी नेऊन चार दिवस मिरवली असती आणि विसरलो असतो. त्यांनी तिला खोडून काढलं. तिचं म्हणणं खोडून काढण्याइतकं वजनदार मानलं, आणि तिनंही जे पटलं ते घेतलं, नाही पटलं ते सोडलं नाही. इंग्रजीचा प्राध्यापक आणि संत्री तोडणारी माझी माय, दोघंही एकाच बाईच्या काळजीनं भांडत होती, आणि ती बाई एका पडद्यावर काळ्या-पांढऱ्या उजेडाची बनलेली होती.

घरी जाताना मला एक जुनी गोष्ट आठवत होती. मी शाळेत असताना बागेत ठेकेदाराच्या माणसानं एका मजूर बाईला काठीनं मारलं होतं. मायनं ते पाहिलं होतं. प्रकरण कचेरीपर्यंत गेलं आणि माय साक्ष द्यायला तयार झाली. ठरल्या दिवशी पांढरं लुगडं नेसून, केस विंचरून ती कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. पण आत जायच्या आधीच दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बाहेरच्या बाहेर समेट घडवून आणला. मार खाल्लेल्या बाईनंच मान डोलावली, तिला तरी दुसरं काय करता येणार होतं. वकील येऊन मायला म्हणाले, बाई, आता तुमची गरज राहिली नाही. ती घरी आली, पांढरं लुगडं घडी करून ठेवलं आणि रोजचं नेसून कामावर गेली. त्यावर ती कधीच काही बोलली नव्हती.

मी चालता चालता हळूच म्हटलं, "माय, तुला कचेरीतलं आठवलं होतं ना?"

ती थांबली. रागावली नव्हती, पण तिला माझं बोलणं आवडलेलं नव्हतं.

"त्याचा इथं का संबंध? मी सिनेमावर बोलली. तुमचे सर का आपल्या घरचं सांगत होते?"

ती म्हणत होती ते खरं होतं. बाकीच्यांची मतं मी मतं म्हणून ऐकली होती, आणि तिच्या मताच्या मागं मात्र तिचं दुःख शोधायला निघाले होते. तिनं सिनेमा नीट पाहिला होता, बाजा कुठं वाजला आणि कुठं थांबला हे सुद्धा. तिला त्याचं श्रेय हवं होतं.

सौंसर तेव्हा असं होतं की एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. तहसीलमध्ये एका बाबूनं बाबांना विचारलं, "तुमच्या मंडळींनी म्हणे सरांना अडवलं?" बाबा म्हणाले, "आमाले त रोजच अडवते, साहेब." बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता ते सुद्धा ठाणेदाराच्या बाजूनं आणि बाईच्या बाजूनं बोलू लागले. बागेत मायच्या टोळीतल्या बायांनी तिच्याकडून अख्खी कथा ऐकून घेतली. डब्बे उघडायच्या सुट्टीत माय झाडाखाली बसून घोड्याचे आवाज काढत होती, असं मला शेजारणीनं सांगितलं. मायला विचारलं तर म्हणाली, घोड्याशिवाय ते समजत नाही.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी सर आमच्या घरी आले. सायकल दारात लावली, बाजेवर बसले, मायनं केलेला चहा घेतला. रिळं नागपूरला परत करायला थोडी मुदत मागून घेतली आहे, येत्या रविवारी हाच सिनेमा पांढुर्ण्याला दाखवायचा आहे, आणि मायनं तिथं यावं, असं त्यांचं म्हणणं.

"मी कायले?" माय म्हणाली. "तुमी सांगा ना तिथं, सौंसरची एक बाई असं म्हने."

"मी माझं मत मांडीन. तुमचं मी मांडलं तर पातळ होईल."

माय माझ्याकडे पाहायला लागली, मी बाबांकडे. "तोड चालू हाय," ती म्हणाली. बाबा दाराजवळ उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "जाय ना. संत्री का पळून जाऊन राहिली?"

आम्ही सकाळच्या बसनं निघालो. थंडी होती. मायनं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि वरून बाबांची शाल घेतली होती. पांढुर्ण्याचा हॉल सौंसरपेक्षा मोठा होता आणि भरलेलाही जास्त होता. कापडाच्या आणि किराण्याच्या दुकानांतले लोक, शिक्षक, रेल्वेतले कर्मचारी. पहिल्या रांगेत सरांच्या घरची मंडळी बसली होती. सरांच्या थोरल्या भावानं मायकडे पाहून विचारलं, "या कोण?"

"यांना माझं मत पटत नाही," सर म्हणाले, "म्हणून आणलं."

या वेळी माइकसमोर मला मायकडे पाहावं लागलं नाही. रिळांच्या मधे मी कथा सांगत गेले आणि मला दिसत होतं की लोक माझ्या वाक्यांची वाट पाहत आहेत. मग चहा, मग मतं. सरांनी आपलं म्हणणं मांडलं आणि मायला बोलावलं. ती या वेळी पुढं येऊन उभी राहिली. बोलायला लागणार तेवढ्यात एका शिक्षकानं विचारलं, सिनेमा तर इंग्रजीत आहे, बाईंना समजला कसा?

"माह्या पोरीनं सांगितला," माय म्हणाली. "तिनं चुकीचा सांगितला असन त तिले धरा. पन आर्धा त मले असाच दिसला. डोये काही इंग्रजीत नाही पाहत."

ते शिक्षक दिलखुलास हसले, "मग बोला," म्हणाले, आणि तिचं झाल्यावर शेरीफच्या बाजूनं असे तावातावानं बोलले की सरांनाही तेवढं जमलं नव्हतं. रेल्वेतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, ड्यूटीवरच्या माणसाला जे करावं लागतं ते त्यानं केलं, आभार आणि निरोप हे नंतरचे विषय. माय म्हणाली, नंतर त थो पळूनच गेला. हॉल दोन भागांत वाटला गेला.

तेव्हा पहिल्या रांगेतून एक बारीक आवाज आला. सरांच्या वहिनी. डोक्यावरून पदर, मान खाली. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्यानं, म्हणजे सरांच्या थोरल्या भावानं, चमकून वळून पाहिलं.

"मला ना, शेरीफचाही राग नाही आला आणि त्या मोठ्या माणसाचाही नाही," त्या म्हणाल्या. "मला त्या गावातल्या बायांचा राग आला. तिला कपडे द्यायचं बंद केलं ते कोणी? बायांनीच ना? त्या चार घरच्या बायांनी कपडे दिले असते तरी तिला तेवढी ताकद आली असती."

मग माय म्हणाली, "हे मले सुचलंच नाही." तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू हरवलेलं काही सापडलं असावं. "बरोबर हाय. मी त ठाणेदारावरच अडून बसली होती."

खेळ संपल्यावर वहिनींनी आम्हाला घरी नेलं. कापडाच्या दुकानाच्या मागं मोठं घर, स्वयंपाकघरात ओळीनं पितळी भांडी. माय दाराशीच थांबली. वहिनी आत गेल्या, माय मागं आली नाही हे पाहून परत आल्या आणि तिचा हात धरून आत घेऊन गेल्या. चहा आला. कपबशा सगळ्यांना सारख्या होत्या. हे मायनंही पाहिलं, मीही पाहिलं, आणि आम्ही एकमेकींकडे पाहायचं टाळलं. माय आणि वहिनी जमिनीवर बसून पुन्हा त्या गावातल्या बायांवर घसरल्या. वहिनींचं म्हणणं, त्यांच्या नवऱ्यांनी मना केलं असेल. मायचं म्हणणं, नवरे का रोज कपडे मोजते? सर दारात उभे राहून ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं मत झालं ना मघाशी?"

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेवटची जागा मिळाली. उन्हं उतरली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूला बागा, झाडांवर तोडायची राहिलेली पिवळी-हिरवी संत्री. माय बाहेर पाहत होती. मग म्हणाली, "तुले काय वाटलं?"

"कशाबद्दल?"

"ठाणेदाराबद्दल. साऱ्याईनं सांगितलं. तू काहीच नाही बोलली."

मी खरं ते सांगितलं. मला शेरीफ आवडला होता आणि अजूनही आवडतो. मला वाटतं की तो टोपी काढत नाही, दोन शब्द बोलत नाही, कारण त्याला कळलेलं असतं आपण तिचं काय घेतलं ते. त्याला तिच्याकडे पाहवत नाही, म्हणून तो जातो.

बस मोहगावला थांबली, माणसं चढली-उतरली, बस निघाली. मायनं शाल अंगाभोवती घट्ट केली.

"हे तिथं काऊन नाही बोलली?"

"मी सांगणारी होते ना, माय. मी मत कसं देणार?"

"असं कुठं असते? सांगनाऱ्याले मत नसते काय?" ती म्हणाली. "अन् तुहं मत चूक हाय. ज्याले कळते थो थांबते. पळत नाही."

"तुला पटत नाही तर राहू दे."

"नाहीच पटत," ती म्हणाली, आणि सौंसर येईपर्यंत आम्ही दोघी त्या माणसावरून भांडत राहिलो. पुढच्या सीटवरच्या माणसानं दोनदा वळून पाहिलं. त्याला वाटलं असणार, घरचंच कोणीतरी आहे.

पुढच्या महिन्यात नवा सिनेमा आला. मी रिळांच्या मधे कथा सांगितली, आणि शेवटी सरांनी "आणखी कोणी?" म्हटल्यावर पुन्हा माइकसमोर जाऊन मी म्हटलं, मला माझं मत सांगायचं आहे. ते सांगितलं. खाली बसायला वळले तर हॉलमध्ये एक हात आधीच वर झालेला होता. या वेळी माय मागच्या बाकावर बसली नव्हती. दुसऱ्या रांगेत, डॉक्टरीणबाईंच्या शेजारी बसली होती, आणि माझं म्हणणं खोडून काढायला उठत होती.